पांढरा रंग छापत नाहीत

सोमवार : कॉव्हेंट गार्डन

लंडनचा घाट घातला तो दादानं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. कॉलेजात असल्यापासून डेक्कन जिमखान्यावर टेनिस खेळतो. आता गुडघे कुरकुरतात, तरी सकाळची डबल्स चुकवत नाही. त्याला विम्बल्डन बघायचं होतं, पण सामन्यांच्या गर्दीत नव्हे, रिकामं असताना. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा छापते, त्यामुळे माझी यादी वेगळी. त्यानं त्याचं बघावं, मी माझं, असं विमानात बसतानाच ठरलं होतं. मे संपत आलेला, हॅरोला ताईकडे, म्हणजे मावसबहिणीकडे, उतरलेलो. पण पहिल्याच सकाळी माझ्या यादीतल्या ठिकाणी टेनिस निघालं आणि दादा मला जो चिकटला तो आठवडाभर.

ठिकाण होतं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम, कॉव्हेंट गार्डनच्या जुन्या फुलबाजाराच्या इमारतीत. खाली ट्राम, दुमजली बसगाड्या आणि शाळेच्या सहलींचा कलकलाट. मला हवी होती ती २०२३ साली उघडलेली पोस्टर गॅलरी. भुयारी रेल्वेत चांगल्या चित्रकारांची पोस्टरं लावायची रीत फ्रँक पिक या अधिकाऱ्यानं १९०८ पासून पाडली. कलेची सेवा वगैरे नंतर. आधी हिशेब होता. सकाळ-संध्याकाळ ऑफिसवाल्यांनी गाड्या भरतात, दुपारी आणि सुट्टीला रिकाम्या धावतात. मग लोकांनी घराबाहेर पडावं म्हणून त्यांना बाग दाखवा, नदी दाखवा, सामने दाखवा.

सामन्यांच्या पोस्टरांवर ‘अँड्र्यू पॉवर’ अशी सही दिसते. असा माणूस कधी नव्हताच. सिबिल अँड्र्यूज आणि सिरिल पॉवर या दोघांनी मिळून घेतलेलं ते नाव. पॉवर १८७२चा, पेशानं आर्किटेक्ट. सिबिल त्याच्याहून पंचवीसेक वर्षांनी लहान, पहिल्या महायुद्धात विमानाच्या कारखान्यात वेल्डिंग केलेली. १९३०च्या दशकात हॅमरस्मिथजवळ ब्रूक ग्रीनला दोघांचा सामाईक स्टुडिओ होता. त्यांची विम्बल्डनची जाहिरात १९३३ची. त्या वर्षीची स्पर्धा २६ जूनला सुरू होऊन ८ जुलैला संपली आणि मधेच, १ जुलैला, लंडनची भुयारी रेल्वे, बस आणि ट्राम नव्या सरकारी मंडळाकडे गेली. पहिली फेरी बघायला गेलेल्यांची गाडी एका कंपनीची आणि फायनलला गेलेल्यांची दुसऱ्याच मालकाची.

म्युझियमच्या दुकानात पुनर्मुद्रणांचा गठ्ठा चाळत उभे राहिलो. या दोघांच्या खेळाडूंना नाक-डोळे जवळजवळ नसतातच. अंग म्हणजे एक ताणलेला बाक, टाचेपासून हाताच्या टोकापर्यंत एका दमात ओढलेला, आणि आजूबाजूची जमीनसुद्धा त्याच बाकाबरोबर कलंडलेली. कोरणीनं कापल्यासारखी ती रेघ बघून कुणीही लिनोकट म्हणेल. छापली आहेत मात्र लिथोनं, म्हणजे न कोरता सपाट पृष्ठावरून होणाऱ्या छपाईनं, कारण स्टेशनांवर लावायला प्रती भरपूर लागायच्या.

दादानं चष्मा वर-खाली करत बराच वेळ घेतला. “ग्रिप कुठली ते कळत नाही,” तो म्हणाला, “पण वजन पुढच्या पायावर आलंय. यानं टेनिस बघितलेलं आहे.”

मंगळवार : ब्रिटिश म्युझियम

ब्रिटिश म्युझियममध्ये ममी आणि संगमरवरी पुतळे बघून लोक थकून बाहेर पडतात. वर, चौथ्या मजल्यावर, चित्रं आणि छापचित्रांची अभ्यासिका आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. आधी वेळ ठरवावी लागते, ओळखपत्र लागतं, पेन बाहेर ठेवावं लागतं. आत फक्त पेन्सिल. पण एकदा टेबलाशी बसलं की पेटी समोर येते आणि काचेविना, हातभर अंतरावरून चित्र बघता येतं. छापचित्र करणाऱ्या माणसाला हा फरक विचारा. काचेमागे चित्र दिसतं. काच नसली की ते कसं केलं ते दिसतं.

मी मागवलं होतं पॉवरचं ‘द एट’, १९३०चं. हॅमरस्मिथच्या पुलावरून खाली बघितलेली आठ वल्हेकऱ्यांची होडी. टेनिसचा त्यात संबंध नाही. दादा तसं म्हणालाही. पण मला बघायचा होता कागद.

हे लिनोकट शिकवलं क्लॉड फ्लाइट नावाच्या एका अवलियानं. इंजिनीयर, ग्रंथपाल, शेतकरी, मधमाश्या पाळणारा असं सगळं करून झाल्यावर तिशी उलटून गेल्यावर हा माणूस चित्रकलेकडे वळला. पिम्लिकोतल्या वॉरविक स्क्वेअरला इयन मॅकनॅबनं १९२५ साली ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्ट काढलं. तिथं १९२६ ते १९३० फ्लाइट लिनोकट शिकवायचा. पॉवर आणि सिबिल त्या शाळेत सुरुवातीपासून. पॉवर वास्तुकलेवर व्याख्यानं द्यायचा, सिबिल ऑफिस सांभाळायची आणि दोघं फ्लाइटच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसायचे.

आपल्याकडे शाळेत लिनोकट करवून घेतात तो बहुतेक काळा-पांढरा. एक ठसा, एक शाई, झालं. अप्पा बळवंत चौकातून तुकडा आणायचा, पानफूल कोरायचं. जरा पुढे गेलं की चित्रकार चित्तप्रसाद. अंधेरीत राहून त्यांनी राबणाऱ्या मुलांची जी लिनोकट केली ती मी दर वर्षी नववीच्या वर्गाला दाखवते, आणि त्यांचा सगळा जोर त्या काळ्यात आहे. फ्लाइटनं काळी बाह्यरेषाच काढून टाकली. त्याच्या पद्धतीत रेषेचा मुख्य ठसा नाहीच. तीन-चार ठसे, प्रत्येकाचा एक रंग, फिकटाकडून गडदाकडे एकावर एक छापायचे; आकार तयार होतो तो रंगांच्या चढण्या-उतरण्यातून. कागद अगदी पातळ, जपानी पद्धतीचा. प्रेस नाही. शाई लावलेल्या ठशावर कागद पसरायचा आणि पाठीमागून हातानं घासायचा. कागद इतका पातळ की घासता घासता रंग मागून दिसू लागतो, म्हणजे कुठं जोर द्यायचा आणि कुठं हात हलका ठेवायचा ते डोळ्यांदेखत ठरतं. समोरच्या प्रतीत तो हात दिसत होता. निळ्याचा पट्टा एका बाजूला दाट, दुसरीकडे विरत गेलेला.

आणि पांढरा. वल्हेकऱ्यांच्या अंगावर जिथं उजेड पडलाय तिथं काहीही नाही. प्रत्येक ठशातून तेवढी जागा कोरून टाकलेली, शाई पोचलेलीच नाही, खाली नुसता कागद. मला हे पुस्तकातून माहीत होतं, वर्गात सांगतेही, पण वीतभर अंतरावरून तो कागदाचा तंतू उजेड होऊन बसलेला बघणं वेगळं. दादाला हळूच म्हटलं, “इथं पांढरा रंग छापलेला नाही. पांढरा म्हणजे जे काढून टाकलं ते.”

तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग टेनिस यांना फुकटातच मिळालं की. कपडे पांढरे, रेघा पांढऱ्या, बॉल पांढरा.”

माझ्या डोक्यात हे आलेलं नव्हतं. खरंच, १९३०च्या टेनिसमध्ये जे जे हलतं आणि जे जे मोजलं जातं ते सगळं पांढरं. रंग फक्त मैदानाला. लिनो कोरणाऱ्याला याहून सोयीचा विषय कुठला मिळणार?

फ्लाइटचं आणखी एक स्वप्न होतं. लिनोकट स्वस्तात व्हावा, बिअरचा ग्लास किंवा सिनेमाचं तिकीट परवडतं त्याला चित्रही परवडावं. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरायचं सामान, कोरण्या साध्या, प्रेसचा खर्च नाही. १९२९च्या जुलैत रेडफर्न गॅलरीत त्यानं ब्रिटिश लिनोकटचं पहिलं प्रदर्शन भरवलं. पण प्रती काढायच्या पन्नास-साठ, त्याही हातानं घासून. बिअरच्या भावात त्या कधीच गेल्या नाहीत. आज लिलावात पॉवरच्या प्रतीला लाखो रुपये पडतात. ज्यानं हे सुरू केलं त्या फ्लाइटच्या स्टुडिओवर १९४१ साली बाँब पडला, ठसे आणि काम बरंचसं गेलं.

बुधवार : स्टेन्स आणि हॅम्प्टन कोर्ट

सकाळी वॉटर्लूहून स्टेन्सची गाडी पकडली. स्टेन्सला मुद्दाम कुणी जात नाही. थेम्सकाठचं उपनगर, शॉपिंग सेंटर, पार्किंग. ताईनं तर विचारलंच, “तिथं काय आहे?” तिथं लिनोलियम आहे. म्हणजे होतं.

फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या उद्योजकानं १८६०च्या सुमाराला पाहिलं की रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर चिवट साय धरते. ती साय, बुचाची भुकटी आणि राळ एकत्र करून तागाच्या कापडावर थापली की जमिनीवर अंथरायला टिकाऊ कापड तयार होतं. त्याआधी ‘कॅम्प्टुलिकॉन’ म्हणून रबर आणि बुचाचं अंथरूण मिळायचं, पण रबर महाग पडायला लागलं होतं. वॉल्टनला हवा होता त्याला पर्याय. १८६४ साली स्टेन्सला कारखाना उभा राहिला आणि शंभर वर्षं चालला. आता त्या जागी दुकानं आहेत. हाय स्ट्रीटवर मात्र कांस्याचे दोन कामगार उभे आहेत, दोघांच्या मधे लिनोलियमची गुंडाळी. गुंडाळीच्या टोकाला थर उलगडलेले दिसतात. मी त्यावरून बोट फिरवलं, दादानं फोटो काढला, शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी आमच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती सांगायला नको.

रबराचा मुद्दा दादानं पकडला. लॉन टेनिस जमलं ते दोन गोष्टींमुळे. एक, गवत कापायचं यंत्र, एडविन बडिंगचं, १८३०चं. आणि दुसरं, गवतावरही उसळी घेईल असा पोकळ रबरी चेंडू. मेजर वॉल्टर विंगफील्डनं १८७४ साली पेटंट घेऊन जाळी, रॅकेटी, चेंडू असं सगळं एका पेटीत घालून विकायला काढलं. तेव्हा खाऊनपिऊन सुखी इंग्रज घरात आत लिनोलियम आणि बाहेर लॉन, दोन्ही एकाच पिढीत आलं. पन्नास-साठ वर्षांनी त्याच घरातला कुणीतरी आतलं कापून त्यावर बाहेरचं कोरत होता. हे जुळवून आणलेलं वाटेल, पण तारखा माझ्या नाहीत.

स्टेन्सहून किंग्स्टनला जाणारी २१६ नंबरची बस हॅम्प्टन कोर्टवरून जाते. बसला वेळ लागतो, पण वरच्या... नाही, ही दुमजली नाही. खिडकीची जागा मिळाली एवढंच. राजवाड्याचं स्वयंपाकघर, चित्रांची दालनं सगळं आम्ही झपाट्यानं उरकलं. बघायचं होतं ते रॉयल टेनिस कोर्ट, १६२०च्या दशकातलं, आणि तिथं अजून रोज खेळतात.

हे आपलं टेनिस नव्हे. चार भिंतींच्या आत, तीन बाजूंना उतरतं छप्पर असलेल्या पडव्या, आणि सर्व्हिस त्या छपरावरून घरंगळत जाते. जाळी दोन्ही टोकांना पाच फूट, मधे झुकून तीन फूट. रॅकेटचं डोकं एका बाजूला वाकडं. चेंडू बुचाचा, कापडी पट्ट्यांनी गुंडाळून सुतळीनं आवळलेला, वरून फेल्ट हातानं शिवलेलं. कोर्टाच्या बाजूला क्लबचा प्रशिक्षक टेबलाशी बसून हेच करत होता. जुन्या चेंडूचं झिजलेलं फेल्ट त्यानं उसवलं, आतला गोळा हातोडीनं ठोकून परत गोल केला, नवं फेल्ट ओढून बसवलं आणि सुई घातली. एका वेळी टाका जेमतेम अर्धा सेंटिमीटर. नजर वर न उचलता दादाच्या प्रश्नांना उत्तरं देत होता.

मला सगळ्यांत आवडला तो ‘चेस’चा नियम. चेंडूचा दुसरा टप्पा पडला की लगेच गुण जातोच असं नाही. तो टप्पा कुठं पडला ती जागा लक्षात ठेवतात. जमिनीवर त्यासाठी आडव्या रेघा आणि आकडे रंगवलेले आहेत. मग बाजू बदलतात आणि समोरच्याला त्याहून मागच्या भिंतीजवळ चेंडू टाकून तो गुण मिळवावा लागतो. म्हणजे जमिनीवर चेंडू जिथं टेकला तिथला ठसा हाच हिशेब. दादाला मात्र हा नियम छळवाद वाटला. “पॉइंट संपला की संपला पाहिजे,” असं तो स्टेशनपर्यंत म्हणत होता.

गुरुवार : विम्बल्डन

साउथफील्ड्सला उतरून विम्बल्डन पार्क रोडनं चालत गेलो. स्पर्धेच्या दिवसांत हे स्टेशन हिरव्या सजावटीनं नटवतात. तेव्हा अजून साधंच होतं. स्पर्धा भरवणारा ऑल इंग्लंड क्लब चर्च रोडवर १९२२ साली आला. मार्गदर्शकाबरोबर आत हिंडता येतं, फक्त गवतावर पाय ठेवायचा नाही, आणि हे ती बाई इतक्या वेळा सांगते की शेवटी आपण सिमेंटवरसुद्धा जपून चालतो.

दादा सेंटर कोर्टच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि काही बोलेना. त्याला तसाच सोडून मी रेघांची चौकशी केली. पूर्वी खडू होता, आता टायटॅनियम डायऑक्साइडचं पांढरं मिश्रण. रेघ ५० मिलिमीटर रुंद, बेसलाइन, म्हणजे मैदानाच्या टोकाची रेघ, तेवढी १०० मिलिमीटर. गवत रायग्रास, स्पर्धेच्या वेळी ८ मिलिमीटरवर कापलेलं. लिनो कोरणाऱ्याला असली मापं ऐकून हात शिवशिवतो. माझ्याकडच्या सगळ्यांत बारीक व्ही कोरणीची एक रेघ मिलिमीटरभर. बेसलाइन बाकीच्या रेघांच्या दुप्पट आहे हे कळल्याबरोबर मनातल्या मनात दुसरी कोरणी उचलली.

इथं कपड्यांचे नियम वाचायला मिळतात आणि ते करमणुकीचे आहेत. पांढरं म्हणजे पांढरंच. मळकट पांढरं किंवा क्रीम चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं. रंगीत काठ असलाच तर एक सेंटिमीटरच्या आत. २०२३ पासून बायकांना आतली चड्डी गडद रंगाची घालायची मुभा मिळाली, आणि ही मुभा द्यायला इतकी वर्षं का लागली हे त्या नियमावलीत लिहिलेलं नाही. मी विचार करत होते तो क्रीमचा. फ्लाइटच्या शिष्यांचा जपानी कागद पांढराशुभ्र कधीच नव्हता, किंचित पिवळसर. त्यांच्या खेळाडूंना आज गेटवरच परत पाठवतील.

क्लबचे रंग गडद हिरवा आणि जांभळा, १९०९ पासून. एकावर एक छापले तर मधे जवळजवळ काळा मिळतो, म्हणजे दोन ठशांत तिसरा रंग फुकट. हे मी वहीत टिपलं. चेंडू पिवळा झाला १९८६ साली. संग्रहालयातल्या कपाटात आधीचे पांढरे चेंडू आहेत, आणि शेजारी पिवळा ठेवला की तो ओरडतोच. टीव्हीसाठी केलेला बदल, आणि टीव्हीवर बरोबरच आहे. पण पांढऱ्या चेंडूच्या काळात चित्रकाराला चेंडू, रेघ आणि माणूस एकाच कोऱ्या कागदातून काढता येत होते, ती गोष्ट गेली.

शुक्रवार : ब्रिस्टल

पॅडिंग्टनहून ब्रिस्टल पावणेदोन तास. स्टेशनपासून म्युझियमपर्यंत पार्क स्ट्रीटचा चढ आहे. दादाच्या गुडघ्यांची खरी परीक्षा विम्बल्डनला नाही, इथं झाली.

तिथं एरिक रॅव्हिलियसचं ‘टेनिस’ आहे, १९३०चं, तीन फळ्यांवर रंगवलेलं. लंडनच्या पोर्टमन कोर्टमधल्या सर जेफ्री फ्रायच्या फ्लॅटमधल्या संगीताच्या खोलीसाठी ते केलं होतं. तैलचित्र आहे, छापचित्र नाही, पण हा माणूस हाडाचा वुडएन्ग्रेव्हर, लाकडावर बारीक कोरून छापणारा. क्रिकेटवाल्यांनी त्याचं काम नकळत बघितलेलं असतं : इंग्लंडच्या ‘विस्डेन’ या जाड पिवळ्या क्रिकेट-वार्षिकाच्या मुखपृष्ठावर १९३८ पासून जे उंच टोपीतल्या खेळाडूंचं छोटं लाकडी कोरीव चित्र आहे, ते त्याचंच. १९४२ साली युद्ध-चित्रकार म्हणून आइसलँडला गेला आणि तिथं त्याचं विमान परत आलं नाही. वय ३९.

तीन दिवस पॉवरचा वेग डोळ्यांत भरून घेतल्यावर हे चित्र बघणं म्हणजे पंखा अचानक बंद पडणं. झाडं, कुंपण, पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू, आणि कुणालाही कसली घाई नाही. रंग पातळ, कोरडे, सगळीकडे बारीक रेघांची वीण. एन्ग्रेव्हरची सवय ब्रशमध्ये उतरलेली कळते. गवतसुद्धा फटकाऱ्यात रंगवलेलं नाही, कापल्यासारखं आहे. ब्रश हातात असूनही पांढऱ्याभोवती आधी जागा राखून ठेवल्यासारखं वाटतं.

आमचं भांडण इथं झालं. मला पॉवर आवडतो, मी तसं म्हणाले. टेनिस म्हणजे तो बाक, तो झटका. दादा म्हणाला, “तुम्ही न खेळणारे लोक ना, तुम्हाला टेनिस म्हणजे फक्त फटका वाटतो. तासभर खेळलं तर चेंडू हवेत असतो किती? बाकी वेळ उभं राहायचं, बॉल गोळा करायचे, घाम पुसायचा, समोरचा का एवढा वेळ घेतोय म्हणून चिडायचं. हे या माणसानं बघितलंय.” मी म्हटलं, मग ते चित्र काढण्यासारखं नाही. तो म्हणाला, “काढलंय की. समोर आहे.” याला उत्तर देता आलं नाही, आणि अजूनही मला पॉवरच आवडतो.

उतारावरून खाली येताना पाऊस लागला. गाडीत दोघंही झोपलो.

शनिवार : पूर्व लंडनचा एक स्टुडिओ

ताईनं आमच्यासाठी एका छपाई स्टुडिओतला दिवसभराचा वर्ग शोधून ठेवला होता. विषय, फ्लाइटच्या पद्धतीचा अनेक ठशांचा लिनोकट. दादानं आयुष्यात कोरणी धरलेली नव्हती. “मी नुसता बघेन,” म्हणत आला आणि अर्ध्या तासात सगळ्यात पुढच्या टेबलाशी बसला.

चित्र त्यानं स्वतःचंच घेतलं. फोनवर त्याच्या सर्व्हिसचा व्हिडिओ होता; चेंडू वर, रॅकेट मागे, अंग ताणलेलं, त्या क्षणाचं चित्र थांबवून त्यानं ट्रेसिंग केलं. ठसे तीन : पिवळा, हिरवा, गडद जांभळा. फरशीवर थंड पडलेला लिनो कडक असतो, कोरणी घसरते. शिकवणाऱ्या बाईंनी ड्रायरची गरम हवा मारली आणि मग ती लोण्यात शिरल्यासारखी चालली. हात नेहमी कोरणीच्या मागे, एवढं एकच मी दादाला पुन्हा पुन्हा बजावत होते.

वाद चेंडूवरून झाला. मी म्हटलं पांढरा ठेव, जुन्या लोकांसारखा. तिन्ही ठशांतून तेवढा ठिपका कोरून टाकला की झालं. त्याला पिवळाच हवा होता. “पांढऱ्या बॉलनं मी शेवटचं कधी खेळलो ते मलाच आठवत नाही.” मग पिवळ्या ठशावर चेंडू ठेवायचा आणि हिरव्या, जांभळ्या ठशांवर त्याच जागी खड्डा करायचा. आणि शर्ट-पँट मात्र तिन्हींवर कोरून काढायची. हे त्याला चटकन कळलं. कोण कुठल्या ठशावर आहे आणि कुठल्यावर नाही याचा तक्ता त्यानं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर करून घेतला, तो टाय-ब्रेकमधल्या सर्व्हिसच्या पाळ्या लिहितात तसा.

शाई रोलरवर घेताना तिचा आवाज ऐकायचा असतो. जाड असेल तर चिकटून पचपच वाजते, बरोबर असेल तर बारीक चरचर येते. आधी पिवळा. पातळ कागद ठशावर सोडला की तो स्वतःच चिकटतो. वरून चमच्याच्या पाठीनं घासायला सुरुवात केली आणि कागदातून पिवळं वर यायला लागलं. दादाचा हात जड. बाई म्हणाल्या, हलकं, घाई नाही. हिरव्याच्या वेळी त्याला समजलं. कोर्टाच्या पुढच्या भागात त्यानं जोर दिला, मागे जाताना हात सोडला, आणि गवत आपोआप लांब गेलं. जांभळा शेवटी, सावलीपुरता आणि केसांपुरता. तिन्ही ठसे कोपऱ्याच्या खुणेला नीट बसले नसते तर चेंडूभोवती हिरवी कडा आली असती, थोडी आलीच.

कागद उचलला. कपडे कोरे, रेघा कोऱ्या, चेंडू पिवळा. दादा मान तिरकी करून बघत राहिला.

“मी डावखुरा कधी झालो?”

ठशावर कोरलेलं उलटं छापतं, हे मला अर्थातच माहीत होतं आणि सकाळपासून मी तोंड मिटून बसले होते. बाईंना वाटलं त्याला वाईट वाटेल. त्या कागद पालटून पुन्हा ट्रेस करायची युक्ती सांगू लागल्या. पण दादानं हात वर केला. मग त्यानं प्रत उजेडात धरली आणि टॉस कुठल्या खांद्यावर पडतोय, हा सर्व्ह मधल्या टी लाइनवर जाईल की बाहेर, याचा विचार करत बसला. शेवटी म्हणाला, “डाव्या हातानं हा बॅकहँडला बाहेर काढतोय. जोशी काकांना हा कधीच लागला नसता.” जोशी काका त्याचे सकाळचे प्रतिस्पर्धी. त्यानं आणखी प्रती काढायला घेतल्या, स्टुडिओ बंद करायची वेळ झाली तरी थांबेना.

तेलाची शाई वाळायला दिवस लागतात. हॅरोला ताईच्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर चिमटे लावून सगळ्या प्रती टांगल्या. तिनं भाच्याचे मोजे काढून घेतले आणि त्या रात्री फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेवलं. जेवण झाल्यावर दादानं पुण्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, पण काकांनी उचलला.

“चित्र आणतोय तुमच्यासाठी,” दादा सांगत होता. “माझंच आहे. नाही, हसू नका. भिंतीवर लावा, पण सर्व्हिस बघायची असेल तर आरशात बघा.”